बारावी सायन्सनंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचंय? प्रवेशापासून नोंदणीपर्यंतची पूर्ण माहिती

कडबाकुट्टीत बोटं गेली, टाके पडले, जखम भरली. पण शर्टाचं बटण लावता येत नाही. लकव्यातून माणूस उठला, चालायला लागला; पण भाकरीचा घास तोंडापर्यंत जात नाही. मूल चार वर्षांचं झालं तरी पेन्सिल धरत नाही. अशा वेळी औषधगोळ्यांच्या पुढचं काम जो माणूस करतो त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. खेड्यापाड्यात गरज मोठी आहे, पण या शिक्षणाची माहिती फार थोड्या घरांत आहे.

फिजिओथेरपीपेक्षा वेगळं काय?

फिजिओथेरपिस्टचा भर ताकद, सांध्यांची हालचाल आणि दुखणं कमी करण्यावर असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं परत जमवून देतो: जेवण, अंघोळ, कपडे घालणं, लिहिणं, पुन्हा कामधंद्याला लागणं. हाताला आधार देणारे स्प्लिंट बनवणं, चमच्याला जाड मूठ बसवणं, घरात कुठे पकड लावायची ते सांगणं हेही त्यात येतं. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असलेली मुलं आणि मानसिक आजाराचे रुग्ण यांच्यासोबतही हे तज्ज्ञ काम करतात.

महाराष्ट्राशी जुनं नातं

भारतात या शिक्षणाची सुरुवात 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी ते सुरू केलं. सातारा जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन.

अकरावीतच ठरवा

या पदवीसाठी बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. गणित नसलं तरी चालतं, पण बायोलॉजी सोडलं तर हा रस्ता बंद होतो. त्यामुळे अकरावीला विषय निवडतानाच विचार करावा. आर्ट्स किंवा कॉमर्सवरून या पदवीला प्रवेश मिळत नाही.

प्रवेश कसा होतो?

1. नीट परीक्षेचा फॉर्म भरावा. ही परीक्षा साधारण मे महिन्यात असते. नीट फक्त डॉक्टर होणाऱ्यांसाठी असते असं अनेकांना वाटतं आणि तिथेच वर्ष वाया जातं. महाराष्ट्रात या पदवीलाही नीट लागते.
2. निकालानंतर राज्य सीईटी सेलच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. नुसती नीट देऊन प्रवेश होत नाही.
3. कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा. प्रवेश गुणवत्ता आणि आरक्षणानुसार फेऱ्यांमधून होतात.
4. कागदपत्रं आधीच तयार ठेवावीत: अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर. जात वैधतेला वेळ लागतो. तिचा अर्ज बारावीत असतानाच करावा.

कुठे शिकता येतं?

मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिका रुग्णालयांच्या कॉलेजांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही पदवी मिळते. इथली फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. राज्याबाहेर कोलकाता, कटकजवळचं ओलटपूर आणि दिल्ली इथे केंद्र सरकारच्या दिव्यांगजन संस्था आहेत. त्यांच्या प्रवेशाची सूचना वेगळी निघते, ती त्या वर्षी नीट वाचावी.

इंटर्नशिप धरून अभ्यासक्रम साडेचार ते पाच वर्षांचा असतो. शरीररचना, मानसशास्त्र, मेंदूविकार, हाडांचे आजार, बालरोग हे विषय असतात आणि रुग्णालयात प्रत्यक्ष कामही करावं लागतं. पुढे पदव्युत्तर पदवी घेऊन मुलं, हात, मेंदूविकार किंवा मानसिक आरोग्य अशा एखाद्या शाखेत तज्ज्ञ होता येतं.

पैशाचं काय?

महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती आणि फी सवलतीचे अर्ज भरता येतात. 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. प्रवेश मात्र सरकारी फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही.

नोंदणीशिवाय काम नाही

पदवीनंतर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. देशपातळीवर 2021 च्या कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगही आला आहे. म्हणून "सहा महिन्यांत थेरपिस्ट व्हा, बारावीची अट नाही" अशा जाहिरातींपासून सावध राहावं. तसल्या सर्टिफिकेटवर नोंदणी होत नाही, भरलेले पैसे मात्र जातात. फी भरण्याआधी कॉलेजला दोनच प्रश्न विचारावेत: संलग्नता कोणत्या विद्यापीठाची, आणि इथल्या पदवीवर परिषदेची नोंदणी होते का? उत्तर लेखी मागावं.

काम कुठे मिळतं?

सरकारी व खासगी रुग्णालयं, पुनर्वसन केंद्रं, दिव्यांग मुलांच्या शाळा, मानसिक आरोग्य संस्था इथे संधी असते. स्वतःचं केंद्रही काढता येतं. तालुक्याच्या गावी असं एक केंद्र निघालं तर आठवड्यातून दोनदा लेकराला काखेत घेऊन एसटीने जिल्ह्याला जाणाऱ्या आईची मजुरी वाचेल आणि उपचारही मध्येच सुटणार नाहीत.