'टँक' की 'लेक'? : भंडाऱ्याच्या तलावांची दोन इंग्रजी नावे

शब्दकोशात शेजारी बसणारे दोन शब्द व्यवहारात एकमेकांपासून किती दूर जातात, याचा प्रत्यय आम्हाला भाषांतराच्या एका तासिकेत आला. आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्याचे, कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे गाव. त्या परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने 'तलावाची पाळ' या शब्दांचे इंग्रजी करताना 'लेक' लिहिले. आम्ही ते खोडून 'टँक' केले. तो म्हणाला, "सर, टँक तर स्लॅबवर राहते ना जी!" वर्ग हसला, परंतु त्याची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

'टँक' हा शब्द इंग्रजीच्या तोंडी बसला त्यात आपल्याकडील पाण्याचाही वाटा आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याच्या दोन्ही वाटा नोंदवलेल्या आहेत : एक गुजराती 'टांकी' आणि मराठी 'टाके' यांच्याकडून येणारी, दुसरी पोर्तुगीज 'तांके'कडून येणारी. दोन्हीकडे अर्थ एकच, माणसाने अडवलेले वा साठवलेले पाणी. म्हणूनच कंपनी सरकारच्या आणि पुढे ब्रिटिश राजवटीच्या कागदपत्रांत आपले तलाव 'टँक' म्हणून नोंदले गेले. पहिल्या महायुद्धात नव्या चिलखती यंत्राचे गुपित राखण्यासाठी त्याला 'पाण्याची टाकी' या अर्थाने हेच नाव दिले गेले आणि सप्टेंबर १९१६ मध्ये ते रणांगणावर उतरले. आजच्या विद्यार्थ्याला 'टँक' म्हटल्यावर रणगाडा किंवा छतावरची काळी टाकी आठवते, त्यामागे हा प्रवास आहे.

'लेक'चे मूळ लॅटिन 'लाकुस'मध्ये आहे. गंमत अशी, की त्या शब्दाचा एक अर्थ हौद असाही होता. पण इंग्रजीच्या रूढ वापरात 'लेक' म्हणजे निसर्गाने घडवलेले विस्तीर्ण पाणी. आपल्याकडे लोणारचे सरोवर उल्कापाताने घडले. तिथे 'लेक' शोभते. वर्ड्स्वर्थच्या लेक डिस्ट्रिक्टमधील सरोवरांची खोरी हिमनद्यांनी कोरली. तिथेही ते शोभते. भंडाऱ्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणतात, आणि त्याचे इंग्रजी करताना सहज 'लेक डिस्ट्रिक्ट' असे लिहिले जाते. आमचा आक्षेप इथे आहे. भंडाऱ्याचे तलाव हिमनदीने कोरलेले नाहीत, ते माणसांनी बांधलेले आहेत.

ते बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव आदराने घेतले जाते. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी परंपरागत कथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथात आली आहे. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. जमिनीचा उतार पाहून पाळ घालायची, सांडवा काढायचा, आणि भात निसवण्याच्या वेळी पावसाने दडी मारली की साठलेले पाणी बांध्यांत सोडायचे, असे हे शास्त्र होते. त्यात शेतकऱ्याचे भात आणि ऊस होते, ढिवरांची मासेमारी होती, शिंगाडे होते. लहान तलावाला 'बोडी' हे वेगळे नावही होते. मराठीने आकाराचा भेद केला. निसर्गनिर्मित आणि मानवनिर्मित हा भेद 'तलाव' या शब्दात तिने केला नाही.

१८६० नंतरच्या जमाबंदीत मध्य प्रांतात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली आणि तलाव त्यांच्या ताब्यात गेले. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने ही मालकी संपली. ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव मिळाले आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारीतील अन्यायाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, ही गावातली जबाबदारी कार्यालयात गेली आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले.

मग 'टँक' हाच शब्द बरोबर, असे म्हणून थांबता येईल काय? तसे नाही. १९७१ च्या रामसर कराराने पाणथळ जागेच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम असे दोन्ही पाणी घेतले. मात्र आपल्या देशातील २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. म्हणजे कागदावर 'लेक' म्हणावे, तर बांधणाऱ्यांचे श्रम पुसले जातात. 'टँक' म्हणावे, तर तिथे उतरणारे पक्षी, कमळे आणि मासे हिशेबाबाहेर पडतात. माणसाने केलेले ते निसर्गाचे नव्हे, अशी समजूत या दोन शब्दांच्या मधल्या रेषेत दडलेली आहे. 'तलाव' या शब्दाला ही समजूत ठाऊक नाही. तो बांधलेलाही असतो आणि जिवंतही असतो.

त्या विद्यार्थ्याच्या वहीत आम्ही केलेली दुरुस्ती आम्हीच खोडली आणि रोमन लिपीत 'तलाव' असेच लिहिले. 'टँक' ज्या भाषेने स्वीकारला, तिला हाही एक शब्द जड होऊ नये. खाली तळटीप मात्र त्यालाच लिहायला सांगितली : गावचा तलाव कोणी बांधला, आणि आज त्याची पाळ कोण राखतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून.