एक खोली, अनेक उपयोग : घरातील जागेचा बहुविध वापर

राहण्याची खोली कशाला म्हणावे, याची व्याख्या भारताच्या जनगणनेत दिलेली आहे. अशी खोली किमान २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर उंच असावी, म्हणजेच तीत एका माणसाला झोपता यावे, अशी अट आहे. स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठीची खोली आणि उघडी पडवी यांची गणना राहण्याच्या खोल्यांत होत नाही. मात्र झोपणे, बसणे, जेवणे, सामान ठेवणे आणि स्वयंपाक ही सर्व कामे जेथे एकत्र चालतात, ती खोली राहण्याचीच मानली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहण्याची एकच खोली होती. त्यामुळे एका खोलीचा अनेक कामांसाठी उपयोग हा गृहसजावटीपुरता मर्यादित विषय नाही.

खोलीला एकच काम नेमून देण्याची पद्धत आपल्याकडे फारशी जुनी नाही. महाराष्ट्रातील वाड्यांमध्ये स्वयंपाकघर, देवघर आणि कोठी यांची कामे ठरलेली असत. परंतु ओसरी, पडवी आणि माजघर ही नावे कामावरून नव्हे, तर घरातील स्थानावरून पडलेली आहेत. माजघरात सकाळी धान्य निवडले जाई, दुपारी पंगत बसे, एका बाजूला पाळणा टांगलेला असे आणि रात्री तेथेच अंथरुणे पडत. पाट, चौरंग, चटई, सतरंजी, गादी आणि तक्क्या हे सारे सामान एका माणसाने उचलून भिंतीशी ठेवावे असे होते. भिंतीतील कोनाडे, फडताळे आणि खुंट्या यांमुळे जमीन मोकळी राही. जपानमधील पारंपरिक घरांतही हीच रीत आढळते. तेथील तातामी चटयांच्या खोलीत रात्री अंथरलेली फुटॉन गादी सकाळी घडी घालून भिंतीतील ओशिइरे नावाच्या कपाटात ठेवली जाते आणि तीच खोली दिवसा बैठकीची होते. जड पलंग, सोफा आणि जेवणाचे मेज खोलीत आले, की खोलीचे काम जवळजवळ कायमचे ठरून जाते.

या कौशल्याची खरी कसोटी मुंबईच्या चाळींमध्ये लागली. १९२० च्या दशकात तत्कालीन मुंबई सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी या नावाने ओळखल्या जातात. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक इमारतीत सुमारे ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक, अशी ही रचना होती. एवढ्या जागेत सहा-आठ माणसांची कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहिली.

चाळीतील खोलीची विभागणी भिंतींनी नव्हे, वेळेने होत असे. गिरण्यांतील पाळ्यांमुळे एक जण कामावरून परतला, की दुसरा कामावर जाई आणि झोपण्याची तीच जागा दोघांच्या उपयोगी पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपणीचे कुटुंब परळ भागातील चाळीत एका खोलीत राहत होते. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात नमूद केल्याप्रमाणे, भीमराव लवकर झोपत, वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासासाठी उठवून स्वतः झोपत. गजबजलेल्या खोलीत शांतता मिळण्याची हीच वेळ होती.

जागेची दुसरी वाटणी उंचीवर होई. लोखंडी खाटेच्या पायांखाली विटा रचून ती उचलली जाई; खाटेवर एक झोपे, खाली दुसरा, आणि उरलेल्या जागेत ट्रंका सरकवल्या जात. दाराच्या वर पोटमाळा, भिंतीला भांड्यांची मांडणी आणि कोपऱ्यात पडद्याआड मोरी असे. पडदा हे या घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त साधन म्हणावे लागेल.

तथापि, या सर्व युक्त्यांना आधार होता तो खोलीबाहेरच्या जागेचा. दारापुढील सामाईक गॅलरी नसती, तर १६० चौरस फुटांत संसार होणे कठीण होते. मुले तेथे अभ्यास करीत, पुरुष रात्री तेथे झोपत, पापड तेथे वाळत. घरात लग्न झाले, की नवदांपत्याला खोली मोकळी मिळावी म्हणून बाकीचे गॅलरीत किंवा शेजाऱ्यांकडे अंथरूण नेत. बहुउपयोगी खोलीविषयीच्या लेखांत घडीच्या पलंगाचे वर्णन सविस्तर असते; या बाहेरच्या जागेचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. २०२० च्या टाळेबंदीत तिचे मोल उघड झाले. बाहेर जाणे बंद झाले आणि एकाच खोलीत शाळा, कार्यालय, स्वयंपाक व आजारपण एकाच वेळी सुरू झाले. वेळेची वाटणी तेथे कोलमडली.

खोलीचे रूप दिवसातून तीन-चारदा बदलायचे, तर ते कोणीतरी बदलावे लागते. अंथरुणे काढणे, वळकट्या बांधणे, केर काढून पाट मांडणे आणि रात्री पुन्हा हे सर्व उलट करणे, हे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडेच राहिले आहे. जागेची बचत होते ती त्यांच्या श्रमांतून, ही बाब हिशेबात धरली पाहिजे.

ज्या खोलीत स्वयंपाक होतो तेथेच झोपायचे असेल, तर सुरक्षिततेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. म्हणून रात्री शेगडीचे बटण बंद करणे पुरेसे नाही. सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा. सिलिंडर उभाच ठेवावा आणि पलंगाखाली सरकवू नये. गळतीचा वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात. कोळशाची पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

नवे सामान घेताना तयार घडीच्या पलंगापेक्षा आधी जमीन किती मोकळी होते ते पाहावे. भिंतीला बिजागरीने जोडलेली आणि नको तेव्हा खाली पाडता येणारी फळी अभ्यासाचे, जेवणाचे आणि इस्त्रीचे काम करते. मात्र दिवसा घडी न घातला जाणारा सोफा-कम-बेड काही महिन्यांत नुसता पलंग होऊन बसतो, असाच अनेक घरांचा अनुभव आहे.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, म्हणजेच म्हाडाकडे सोपविण्यात आला. पात्र रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे, दोन शयनगृहांचे घर देण्याची ही योजना आहे. वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. शौचालय घरातच असलेल्या या सदनिकांत दिवाणखाना, शयनगृह आणि स्वयंपाकघर अशी प्रत्येक खोलीला कामाची नावे आहेत. शिवडी येथील १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने या योजनेत घेण्यात आल्या नव्हत्या. तेथील खोल्यांची संख्या सुमारे ९६० आहे.