पडून राहिलेला अर्ज

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा जो प्रारंभीचा शिरस्ता घालून दिला, तो जुन्या कचेरीतील रिवाजाहून फारसा निराळा नव्हता: ब्राउझरने अर्ज गुदरावा, सर्व्हरने जबाब द्यावा, आणि जबाब हाती पडताच अर्जदार कोण होता हेही दप्तरी राहू नये. संस्थेतील दूरध्वनी-क्रमांकांची यादी पाहणे हा त्या काळचा एक ठळक उपयोग असल्यामुळे या व्यवस्थेत कोणास न्यून भासले नाही.

उणीव जाणवली ती बाजारभाव, सामन्यातील धावा, मित्राचा निरोप असा क्षणोक्षणी पालटणारा मजकूर मागण्याची वेळ आली तेव्हा. कारण नवे वर्तमान सर्व्हरपाशी येऊन पडले तरी विचारल्यावाचून तोंड उघडण्याचा त्यास अखत्यारच नव्हता. १९९५ मध्ये नेटस्केपने एकाच जबाबात एकामागून एक पाने धाडण्याची युक्ती काढली. पुढच्या वर्षी पॉइंटकास्टने पडद्यावर आपोआप बातम्या सरकवून मोठा गाजावाजा केला. वस्तुतः तोही ठरावीक अवकाशाने गुपचूप अर्जच करीत असे, आणि त्या अर्जांनी कार्यालयांची जाळी इतकी तुंबली की कित्येक ठिकाणी त्यास मज्जाव झाला.

खरी गंमत त्यानंतरची. १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान न बदलता पडद्यामागून अर्ज करण्याची सोय झाली, आणि पुढे तिच्या आधारे काही चतुर मंडळींनी असे ठरविले की, अर्ज आल्याबरोबर निकालात काढूच नये. सांगण्याजोगे काही घडेपर्यंत तो तसाच पडू द्यावा, घडताच जबाब द्यावा, आणि ब्राउझरने तत्काळ दुसरा अर्ज आणून ठेवावा. आमच्या मामलेदार कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या जो दोष गणला गेला, तोच येथे गुण ठरला! २००६ मध्ये ॲलेक्स रसेल यांनी या प्रकारांस ‘कॉमेट’ हे नाव दिले. आधीच्या तंत्राचे नाव ‘एजॅक्स’, आणि अमेरिकेत ही दोन्ही नावे घासण्याच्या पावडरींची आहेत. मात्र असे हजारो अर्ज एकाच वेळी तिष्ठत राहिले की, प्रत्येकामागे एक कारकून बसविणाऱ्या सर्व्हरांचा जीव मेटाकुटीस येई.

अखेर शिरस्ताच बदलण्याचे घाटले, आणि एकच जोडणी खुली ठेवून दोन्ही बाजूंना हवे तेव्हा बोलू देणारे ‘वेबसॉकेट’ अवतरले. त्यातही विघ्न आले: मार्गातील काही प्रॉक्सींना, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरांना, ही नवी बोली उमजेना, त्या तिलाच जुना अर्ज समजत, आणि त्यांच्या साठवणीत भलताच मजकूर घुसविता येई, म्हणून २०१० च्या अखेरीस फायरफॉक्स व ऑपेरा यांनी ते बंद ठेवले. तोडगा निघाला तो असा की, ब्राउझरकडील प्रत्येक संदेशावर चार बाइटांच्या यादृच्छिक किल्लीचा मुखवटा चढवावा, म्हणजे प्रॉक्सीला जुन्या अर्जासारखा भासेल असा मजकूर कोणास मुद्दाम रचता येऊ नये. डिसेंबर २०११ मध्ये प्रमाण ठरलेल्या त्या नियमांतही संभाषणाचा आरंभ मात्र ब्राउझरच्या साध्या जुन्या अर्जानेच होतो. सर्व्हर त्यास नेहमीच्या २०० (‘ठीक’) ऐवजी १०१ (‘शिरस्ता बदलतो’) हा आकडा कळवितो, आणि मग दोघेही बोलू लागतात.