अठ्ठ्याऐंशी वर्षांनी शिट्टी

आजीचा तांब्याचा बंब मोडीत घालताना हात अडखळतो ना? मग ‘फेअरी क्वीन’ची गोष्ट ऐका. १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्सला घडलेलं हे वाफेचं इंजिन. बंगालमध्ये आलं आणि १८५७ च्या धामधुमीत इंग्रजी फौजेच्या गाड्या ओढू लागलं. १९०९ साली सेवेतून उतरलं. १९९७ मध्ये दुरुस्त होऊन ८८ वर्षांनी पुन्हा रुळावर धावलं, दिल्ली ते अलवर! २०११ मध्ये चोरांनी त्याचे भाग पळवले. पेरांबूरच्या कारखान्यात पुन्हा डागडुजी झाली, आणि २०१७ मध्ये परत धाव.

नवे भाग घातले म्हणून इंजिन खोटं झालं का? बंबाला नवं बूड लावलं तरी बंब तोच. पण आपल्याच माणसांवर फौज नेणारं इंजिन जपावं का? जपावं, बायांनो, ती आठवण मात्र पुसून नव्हे, सोबत ठेवून.