मुसीकाठचं जस्त

गांडुळातले धातू मोजायचे तर आधी त्याला उपाशी ठेवावं लागतं. काचेच्या बशीत ओला फिल्टर पेपर, त्यावर गांडूळ, वर झाकण. दीड-दोन दिवसांत ते पोटातली माती बारीक काळ्या मण्यांसारखी टाकत जातं. कागद मधूनमधून बदलायचा. माती पोटात राहिली तर तिच्यातलं शिसं गांडुळाच्या नावावर चढतं आणि सगळा हिशेब चुकतो. हैदराबादेत माती तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. नव्या मुलींना मी पहिल्यांदा हेच शिकवायची.

माझे वडील उदगीरचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा शिकायला इकडे आले आणि काचीगुड्यात स्थिरावले. गावी आजोबांचा उकिरडा होता. शेण, चुलीतली राख, गुरांनी टाकलेला कडबा, सगळं त्यात जायचं आणि पावसाआधी गाडीनं शेतात पडायचं. जे शेतातून आलं तेच परत शेतात जात होतं, जस्त-तांब्याच्या कणांसकट. त्या खताची तपासणी करायची कुणाला गरज नव्हती.

हैदराबादेत मुसी नदीकाठी ही साखळी वेगळ्या तऱ्हेनं वळली. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानं हे शहर उद्ध्वस्त केलं. त्यानंतर वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले. पूर आवरला, पिण्याला पाणी आलं. पण शहर वाढलं तसं उन्हाळ्यात नदीच्या पात्रात सांडपाणीच जास्त वाहू लागलं. अंबरपेठच्या खालच्या शेतकऱ्यांनी ते पाणी रानात घेतलं. नत्र-स्फुरद आयतं मिळत होतं, वर्षभर पाणी होतं. आधी भात होता. पाणी बिघडत गेलं तसं बऱ्याच ठिकाणी भाताच्या जागी पॅरा गवत आलं. हिरव्यागार पेंढ्या शहरातल्या म्हशींपुढे पडायच्या. आमच्या गवळ्याच्या दुधाला जाड साय यायची आणि आई तिचं कौतुक करायची. त्या शेतकऱ्यांना मी दोष देणार नाही. शहरानं जे सोडलं ते त्यांनी वापरलं.

पण त्या पाण्यात आता मैल्याबरोबर कारखान्यांचं, मुलामा देणाऱ्या दुकानांचं पाणीही होतं. संशोधकांनी इथली सांडपाण्यावरची माती, गवत, दूध आणि भाज्या तपासल्या; तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जस्त, क्रोमियम आणि तांबं मातीत अशा रूपात सापडलं की पीक ते सहज उचलेल.

जस्त वाचलं की मला डॉ. यशवंत लक्ष्मण नेने आठवतात. साठच्या दशकात तराई भागात भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे ठिपके पडून पीक बसायचं. हा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेनं होतो, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात नेन्यांनी दाखवलं. उपाय साधा होता: झिंक सल्फेट आणि चुन्याची फवारणी. पुढे ते हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत आले आणि १९९४ मध्ये त्यांनी सिकंदराबादला एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन स्थापन केलं. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' डॉ. नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह तिथूनच प्रसिद्ध झाला आणि त्यातलं कुणपजल पुन्हा शेतकऱ्यांपर्यंत गेलं. मांस, चरबी, तिळाची पेंड, उडीद, दूध, मध, तूप असं आंबवून केलेलं हे जुनं द्रवखत. एकाच माणसानं जस्ताची उणीवही ओळखली आणि सेंद्रिय खताचा जुना वारसाही जपला, याचं मला फार मोल वाटतं. माळावर जस्त कमी पडतं आणि नदीकाठी तेच साचतं, हे एकाच जिल्ह्यात घडू शकतं.

'रानात गांडुळं आहेत म्हणजे माती चोख', हे मी शेकडो वेळा ऐकलं. हे पुरेसं नाही. कॅडमियम गांडुळाच्या आतड्याभोवतीच्या पिवळट ऊतीत प्रथिनांना बांधून साठतं आणि गांडूळ जगत राहतं. ते पक्ष्यानं खाल्लं की कॅडमियमही त्याच्या पोटात जातं. गांडूळखताचंही तसंच. कचरा कुजून त्याचं वजन घटतं, धातू कुजत नाही. म्हणून तयार खतात किलोमागे तो जास्त भरतो. एकदा आमच्याकडे शहरी कचऱ्याच्या खताचा नमुना आला. चाळला तर चाळणीवर बॅटरीची कार्बनची कांडी आणि जस्ताच्या डबीचा गंजलेला पत्रा राहिला. गांडुळाला त्यातलं काय काढता येणार?

२००६ पासून सेंद्रिय खतं केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात आली. गांडूळखतात किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅम, याच्या वर चालत नाही. गोणी घेताना सगळे नत्राचा आकडा बघतात. दुकानदाराकडे धातूंचा तपासणी अहवालही मागा, आणि नसेल तर ती गोणी घेऊ नका.