ग्राफिटी : ओरखड्यातून आलेला शब्द

बर्लिन असो वा साओ पावलो, ग्राफिटी म्हटलं की डोळ्यांपुढे फवारलेले रंग येतात. शब्द मात्र रंगातून आलेला नाही, ओरखड्यातून आला आहे. इटालियनमध्ये ‘ग्राफियारे’ म्हणजे ओरबाडणं, खरवडणं. त्यावरून एकवचनी ‘ग्राफितो’, अनेकवचनी ‘ग्राफिती’. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर प्रेमाचे निरोप, शिव्या, हिशेब असं कायकाय खरवडलेलं सापडलं आणि एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी त्यासाठी हा शब्द रूढ केला. रंगाचे डबे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर चालले ते फार नंतर, १९७०च्या दशकात.

या शब्दाचं सर्वांत देखणं रूप मला श्रीलंकेतल्या सिगिरियाला दिसतं. तिथल्या गुळगुळीत आरसा-भिंतीवर शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी, कातळावर चितारलेल्या स्त्रियांना उद्देशून, सिंहली कविता कोरल्या. सेनरत परणवितान यांनी अशा ६८५ कविता वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. केवढी चिकाटी!

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये थेट चित्रावरच आपलं नाव खरवडलं. व्युत्पत्तीच्या काट्यावर तीही अस्सल ग्राफिटीच. पण सिगिरियाच्या कवींच्या पंगतीत त्याला बसवायला माझं मन तयार नाही.