नेवाळीची धावपट्टी आणि वैमानिकाचा परवाना

अंबरनाथ तालुक्यातील नेवाळी परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने शेतजमिनी ताब्यात घेऊन लष्करी विमानतळ उभारला. विमान कोणी चालवावे याचे कायदे तोवर जुने झाले होते. मात्र या लष्करी धावपट्टीला ते लागू नव्हते.

मुंबईत जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला, भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ या संस्थेने पॅरिस येथे १९०५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानोड्डाण महासंघाच्या वतीने दिला होता, म्हणजे परवान्यामागची मान्यता मुळात एका क्लबाची होती. सरकारी चौकट १९१९च्या पॅरिस करारातून आली आणि भारतात १९३४चा विमान अधिनियम व १९३७चे विमान नियम यांनी ती पक्की केली.

१९४४च्या शिकागो कराराने पुढची घडी बसवली. विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला परवाना वैमानिकाजवळ असावा, आणि तो किमान निकषांत बसत असल्यास इतर देशांनी मान्य करावा, हे त्याचे सूत्र. परंतु कलम ३ने लष्करी, सीमाशुल्क व पोलीस सेवेतील विमाने ‘राज्याची विमाने’ म्हणून वगळली. म्हणूनच वायुदलातून निवृत्त झालेला अनुभवी वैमानिकही नागरी विमान चालवू लागण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षांना बसतो, हे वरवर विचित्र वाटले तरी त्या वगळणुकीशी सुसंगतच आहे.

युरोपने हे सूत्र आणखी पुढे नेले. २००२च्या नियमावलीने स्थापन झालेली, कोलोन येथे मुख्यालय असलेली युरोपीय विमान सुरक्षा संस्था सदस्य देशांसाठी समान नियमांचे मसुदे तयार करते. परवाना प्रत्यक्षात त्या त्या देशाचे प्राधिकरण देते, पण तो सर्व सदस्य देशांत चालतो. भारतीय व्यावसायिक परवानाधारकाला हा लाभ आपोआप मिळत नाही: युरोपीय परवाना हवा असल्यास त्याला तेथील निकषांची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा व उड्डाणचाचणी द्यावीच लागते. एका आंतरराष्ट्रीय कराराखाली असूनही देश एकमेकांच्या कागदावर किती मर्यादेपर्यंत विसंबतात, ते येथे उघड होते.

नेवाळीच्या वाट्याला यातला कोणताच कागद आला नाही. युद्ध संपले तरी जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली, मूळ मालकांच्या वारसांनी ती परत मागितली, आणि नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून जून २०१७ मध्ये तेथे हिंसक आंदोलन झाले. वाद वैमानिकांचा नव्हता, सातबाऱ्याचा होता.